उजवाच पाय

माझा उजवा पाय मुरगळला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या तीन माणसांना माझ्यापेक्षा जास्त काळजी वाटली, कारण त्या तिघांच्या पाठी त्याच पायाच्या भरवशावर होत्या.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. वाकताना, काही उचलताना पाठीत एकदम कळ येते आणि माणूस आहे तिथेच अडकतो, त्याला आमच्याकडे उसण भरली म्हणतात. पायाळू माणसाने त्या पाठीला पाय लावला की उसण निघते. लाथ मारणं म्हणतात, पण ती खरी लाथ नसते. उसण भरलेला माणूस पाठ करून उभा राहतो, मी तीन वेळा तळपाय टेकवते आणि तोवर दोघांपैकी कुणीही बोलायचं नसतं. मग तो माणूस मागे न बघता निघून जातो. आता फ्लॅटमध्ये मागे न बघता निघायचं म्हणजे समोर शू-रॅक येतं, पण लोक तेवढं सांभाळून घेतात.

पडले कशी तेही सांगते, कारण त्यात चूक माझीच. बोळिंजच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक पेव्हर ब्लॉक कित्येक महिने डुगडुगतोय. त्याची लेखी तक्रार मीच दिली होती. त्या सकाळी कामावर जायला निघाले आणि मान वर केली, तर कुणीतरी ग्रिलमध्ये बोंबील वाळत घातलेले. हे नक्की कोणत्या मजल्यावरचं घर, ते खिडक्या मोजून काढत चालले होते. मला अशा गोष्टी कळल्याशिवाय चैन पडत नाही. चौथा की पाचवा, एवढं ठरेपर्यंत मी त्याच ब्लॉकवर पाय ठेवला. पाऊल आत वळलं, घोट्यातून कट् असा आवाज आला आणि मी तिथेच बसले.

वॉचमन खुर्ची घेऊन धावला. मला बसवल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, वोही पैर?"

मी मान हलवली. त्याचा चेहरा असा पडला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. मागच्याच महिन्यात पाण्याच्या टाकीचं झाकण उचलताना त्याला उसण भरली होती.

लिफ्टने वर आले. नवऱ्याने पाय बघितला आणि तडक गॅसवर पाणी ठेवलं. तो साताऱ्याकडचा. त्याच्या घरात पोटदुखीपासून मनस्तापापर्यंत सगळ्याला गरम पाण्याची पिशवी चालते.

"गरम नाही, थंड," मी म्हणाले. "दोन दिवस शेक नाही, चोळायचं नाही, तेल लावायचं नाही."

"अगं, पण सूज उतरायला शेकच लागतो."

"उतरायला नंतर. आधी चढू नये म्हणून बर्फ."

हे मी अधिकाराने बोलू शकते. वसई पूर्वेला गोळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. गोळी किती दाबाने फुटते, पाण्यात किती वेळात विरघळते, हे दिवसभर बघत बसायचं. तिथे दरवर्षी प्रथमोपचाराचं शिक्षण देतात. बाकीचे त्या वेळात डुलक्या काढतात, मी प्रश्न विचारते. पाय मुरगळला तर त्याच्यावर भार द्यायचा नाही, फडक्यात गुंडाळून बर्फ लावायचा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटांवर नाही, पट्टी बांधायची आणि पाय उशीवर उंच ठेवायचा. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर पट्टी सैल करायची. पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर घरी वैदू बनत बसायचं नाही, हाडाचा फोटो काढून घ्यायचा.

बर्फाचा ट्रे रिकामा होता. तो भरून ठेवायचं काम नवऱ्याचं, यावर आमच्यात एकमत नाही. शेवटी फ्रीजरमधली मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून घोट्यावर ठेवली. मटार घोट्याच्या आकाराप्रमाणे छान बसतात, हे मला माहीत नव्हतं. वेदना होत असतानाही ती गोष्ट आवडली.

तासाभरात बातमी पसरली. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून वाटीच घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या मूळच्या बिहारच्या काकींनी कांदा-हळद परतून पाठवली. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. माझ्या पायाकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"वहिनी, किती दिवस लागतील?"

"दोन-तीन आठवडे."

"तसं नाही," ते जरा अडखळले. "माझी पाठ सकाळपासून धरल्यासारखी वाटतेय. डाव्या पायाने चालत नाही ना?"

नवरा स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होता. ते गेल्यावर म्हणाला, "लाथ मारणारीला आता लाथ कोण मारणार?"

मग त्याने पट्टी बांधायला घेतली. मोबाइलवर व्हिडिओ लावला, तो थांबवत थांबवत गुंडाळत गेला आणि शेवटी घोट्याचा मोठा मोदक झाला. त्यात टाच मोकळीच राहिली. सोडून पुन्हा बांधली. या वेळी टाच आत गेली, पण बोटं पांढरी पडली. मी स्वतः बांधून बघितली तर उभी राहिल्याबरोबर सगळी पट्टी चपलेवर. मला नियम तोंडपाठ होते, हात मात्र अडाणी निघाले.

आता डाव्या पायाचं सांगते. सेक्रेटरींचा प्रश्न मला हसण्यासारखा वाटला नव्हता, कारण तोच प्रश्न मी बारा वर्षांची असताना स्वतःला विचारला होता.

माझं माहेर वसईत, खाडीकाठच्या गावात. भातशेती आणि भाजीची वाडी. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी वाकडा होऊन उभा असायचा. भात लावून वाकडा झालेला, होडी ओढून अडकलेला, एकदा तर नवरदेव, हळद लागलेला. मी शाळकरी मुलगी, पण मोठी मोठी माणसं माझ्यासमोर पाठ करून गप्प उभी राहायची. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. त्याहून जास्त मला हे कळून घ्यायचं होतं की नक्की होतं काय. पायातून काही जातं का? कधी जातं? पहिल्या वेळी की तिसऱ्या?

मी एका वहीत लिहायला लागले. कोण आला, उसण कशी भरली, तिसऱ्या दिवशी कशी होती. बहुतेकांपुढे "गेली" असं लिहिलेलं आहे. आई सांगायची, पाय उजवाच लावायचा. दुसऱ्या गावातही एक पायाळू बाई होती, ती कोणताही पाय लावायची. मग माझाच उजवा का? आई म्हणायची, "तुझं उजव्यातच हाय." वर हेही सांगायची की म्हणूनच तो डाव्यापेक्षा लहान आहे. खरंच लहान आहे. आजही मी डाव्या पायाच्या मापाची चप्पल घेते आणि उजवीत कापसाची गादी घालते.

एका रविवारी दूरचे एक काका आले. ते पाठ करून उभे राहिले आणि मी गुपचूप डावा पाय लावला. तीन वेळा. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी काका डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ताठ चालत जाताना दिसले. वहीत मी "गेली" असं लिहिलं आणि पुढे कंसात एक छोटा डावा पाय काढला. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

त्या वहीत एक नाव मात्र नाही, आईचं. आईची पाठ कायमची दुखरी. वाडीत वाकून वाकून तिला महिन्या-दोन महिन्यांनी उसण भरायचीच. ती भिंतीला धरून उभी राहायची, मी धावत जाऊन पाय उचलायची आणि ती दरवेळी मला बाजूला सारायची. "आईला पाय लावू नये," म्हणायची. पण बाबांना लावला होता. आजोबांना लावला होता. त्यांना लावताना पाप नव्हतं? सगळ्या गावाची उसण काढणाऱ्या मला माझ्या आईची काढता येत नव्हती, याचं मला फार वाईट वाटायचं. तिला माझ्याविषयी काहीतरी खटकतं, ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही, असं मनात बसलं ते बसलंच. ती लेकीला पाय लावू देणार नाही, हे मी हळूहळू धरूनच चालले. पण विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आई दारात उभी. पंचाहत्तरी उलटलीय. गावाहून आधी बस, मग रिक्षा, हातात पिशवी आणि पिशवीत वालाच्या शेंगा नि केळफूल. नवऱ्याने फोन केला होता.

"काय करून ठेवलंस गो बाय?" ती आत येत म्हणाली. "कुठला?"

"उजवा."

 पिशवी ठेवली, पाय धुऊन आली आणि पलंगाशी खाली बसली. नवऱ्याने बांधलेली पट्टी तिने दोन बोटांनी सोडली. घोटा वांग्यासारखा झाला होता. तिने माझी टाच डाव्या तळहातात घेतली. उजव्या हाताच्या अंगठ्याने पावलाची कड हळूच बाहेरच्या बाजूला सारली, म्हणजे आत वळलेलं पाऊल बाहेर घेतलं आणि तसंच धरलं. दुखलं नाही. मग पट्टी. पावलाच्या मधून एक वेढा, घोट्यावरून तिरका मागे, टाचेच्या वरून पुढे, पुन्हा पावलाखाली. दरवेळी आतून बाहेर, अर्धी पट्टी आधीच्या वेढ्यावर. तिने माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि हात चालले होते. व्हिडिओतल्या बाईला इतकं जमलं नव्हतं.

"कुठे शिकलीस?"

"कुठं शिकनार? हातांना येतं."

"हातांना कसं येईल? आमच्या घरात कधी कुणाला पट्टी बांधलेली मी बघितली नाही."

"पानी देतेस का? उन्हातून आलेय," ती म्हणाली. मग माझा पाय उशीवर आहे हे लक्षात येऊन स्वतःच उठली.

माझ्या डोक्यात भुंगा शिरला. आईला पाणी हवं नव्हतं, एवढं मला कळतं.

पायावर अजूनही भार देता येत नव्हता म्हणून त्याच दिवशी दुपारी विरारला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. फोटो काढला. हाड शाबूत, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा बंध ताणलेला. डॉक्टर तरुण मुलगी होती. पट्टी सोडताना बघितलेले वेढे आठवून तिने विचारलं, "घरात कुणी नर्स आहे का?"

"आई आहे. ती भाजी पिकवते."

पण डॉक्टरला आणखी काहीतरी वेगळंच दिसत होतं. तिने माझ्या दोन्ही पोटऱ्यांवरून हात फिरवला, मग टेप आणून दोन्ही मोजल्या. मग दोन्ही तळपाय शेजारी शेजारी धरले.

"हा पाय पहिल्यापासून लहान आहे?"

"हो. मी पायाळू आहे ना."

"त्याने पाय लहान होत नाही," ती हसली. "उजवी पोटरी बारीक आहे, पाऊल लहान आहे. जन्मतः हा पाय आत वळलेला असणार. लहानपणी कुणी पट्ट्या बांधून सरळ केला होता का? केला असेल तर चांगलाच केलाय. त्यामुळे आत मुरगळण्याकडे त्याचा थोडा कल राहिला असेल, एवढंच. जपून चाला."

घरी येताना रिक्षात मी डोळे मिटून बसले. त्याला वाटलं दुखतंय. मी हिशेब जुळवत होते. लहान पाऊल. "उजवाच" लाव. आतून बाहेर जाणारे ते वेढे. खिडकीतून बाहेर बघत चालणारे हात. जणू कुणीतरी माझ्या जुन्या वहीतला रिकामा रकाना भरून दिला होता आणि तो वाचायचा मला धीर होत नव्हता.

आईने पट्टी पुन्हा बांधून दिली आणि ती पलंगाशेजारी जमिनीवर वाल सोलत बसली. नवरा औषधं आणायला परत खाली उतरला.

"आई, लहानपणी माझ्या पायाला काय होतं?"

"काय होतं म्हंजे? पाय होता."

"डॉक्टरीणबाईंनी मोजला. वाकडा होता ना?"

तिने सोललेली शेंग उगाचच पुन्हा उघडून बघितली. मग टरफलं पदरात गोळा केली.

"होता," ती म्हणाली. "असा." आणि तिने तळहात आत वळवून दाखवला. "तलवा वर बघायचा."

"आणि मी पायाळू?"

"नाय. डोकंच आधी आलं. मोठं होतं डोकं, लय तरास दिलास."

मला हसू आलं आणि त्याच वेळी असा राग आला की हातातली पाण्याची बाटली मी पलंगावर आपटली. किती रविवार, किती पाठी! ओट्यावर उभी राहणारी ती म्हातारी माणसं, तो हळद लागलेला नवरदेव, वॉचमन, सेक्रेटरी. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना फसवतेय?"

"तू कुठं फसवलंस? मी फसवलं. तुला काय ठाऊक."

मग ती सांगायला लागली. थांबत थांबत, मध्ये एखादी शेंग सोलत. आमच्या आळीत एक बाई होती, तिचा पाय असाच. तिचं नाव आईला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. "लंगडीच म्हनायचे. लगीन नाय, काय नाय. मेली तवा पन लोकं म्हनाली, लंगडी गेली. तुला बघितलं नि मला तीच दिसली."

सुईण म्हणाली होती की हाड कोवळं आहे, रोज चोळून, पाऊल बाहेर ओढून धरून पट्टी बांधली तर सरळ होईल, पण वर्ष लागेल. वर्षभर बाळाचा पाय लपवणार कसा? पाचवीला बायका येणार, बारशाला येणार, बाळाला मांडीवर घेणार, दुपटं उघडणार. सुईण बाहेर जाऊन काही बोलण्याआधी आईने तिचा हात धरला.

"मी बोलले, बाहेर सांग पायालू हाय. उजव्या पायात हाय. पोर चालायला लागेपर्यंत तो पाय कुनी बघायचा नाय, दिष्ट लागते."

"हे तुला तेव्हा सुचलं?"

"तवाच. वार पन पडली नव्हती."

 अंगठ्याला शाई लावून सही करणारी माझी आई. बाळंतपणाच्या कळा पुरत्या थांबल्या नव्हत्या तेव्हा तिने अख्ख्या गावाला बसेल असं एक खोटं बेतलं होतं. ते असं, की ज्या पायाला लोकांनी हसायचं, त्याच्या ते पाया पडतील आणि वर्षभर तो उघडूनही बघणार नाहीत. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, खोबरेल तेल, दिवसातून चार वेळा. वाडीतून धावत यायची, दार लावायची, पट्टी बदलायची आणि परत धावत जायची. बाबांनाही सांगितलं नव्हतं. सुईण गेली तीही कुणाला न सांगता.

"मग लोक उसण घेऊन यायला लागले तेव्हा?"

"तवा भ्याले. पयला आला तवा तू चार वरसांची. नाय कशी म्हनू? बोलले, लाव पाय. नि त्याची गेली." ती अजूनही त्या गोष्टीचं नवल वाटल्यासारखी थांबली. "दुसऱ्याची पन गेली. मग मी गप बसले."

उसण तीन-चार दिवसांत बहुतेकदा आपोआप जाते, पाय लावा की न लावा, हे मला आता माहीत आहे. ते तिला सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण मला त्याहून मोठी गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारताना माझा आवाज बारा वर्षांच्या मुलीसारखा झाला.

"मला कधी तुझ्या पाठीला पाय लावू दिला नाहीस. मला वाटायचं तुला मी आवडत नाही."

आईने मान वर केली. ती खरोखर दचकली होती.

"अगो," ती म्हणाली, "लोकांना ठाऊक नव्हतं म्हनून त्यांना गुन आला. मला ठाऊक होतं. तू पाय लावला असतास नि माझी नसती गेली तर? तुला कळलं असतं. ओट्यावर कशी छाती काढून उभी ऱ्हायचीस तू. ते मोडलं असतं."

आमच्या कारखान्यात माणसांवरच्या चाचणीत औषधाशी तुलना करायला कधी कधी औषध न घातलेल्या गोळ्याही बनवतात, दिसायला अगदी तशाच. कोणती कुठली ते ज्याला माहीत असतं त्याला त्या चाचणीपासून लांब ठेवतात. माझी आई इतकी वर्षं स्वतःहून लांब राहिली होती, कळ दाबून, भिंतीला धरून.

त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ वाल सोलत बसलो. ती खाली, मी पलंगावर, पाय दोन उशांवर. सेक्रेटरींना काय सांगायचं याचा मी विचार करत होते. खरं सांगावं तर आईचं खोटं उघडं पडतं आणि न सांगावं तर माझं सुरू होतं.

वाल संपले. आई टरफलांची परात उचलायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली. परात हातातून सुटली. एक हात पलंगाच्या कडेवर, दुसरा कमरेवर, तोंड मिटलेलं. ते उभं राहणं मी लहानपणापासून ओळखते.

"हलू नकोस," मी म्हणाले. "कपाटात मलम आहे, हे आले की लावून देतील."

ती हळूहळू, पलंगाला धरत धरत वळली. तिने माझ्याकडे पाठ केली. लुगड्यातली ती लहानशी, वाकलेली पाठ माझ्या उशांपासून हातभर अंतरावर होती.

"लाव," ती म्हणाली.

"आई, आता तर मलाही माहीत आहे."

"असू दे. लबाड मी हाय. पाय थोडाच लबाड हाय?"

मी डावा पाय उचलला. "हा लावते. डाव्यानेही जाते. लहानपणी एकदा गुपचूप लावून बघितला होता, त्या काकांना."

"ठाऊक हाय. दाराआडून बघत होते." ती हसली आणि हसताना कळ आल्यामुळे परत गप्प झाली. मग म्हणाली, "मला उजवाच पायजे. त्याच्यावर वरीसभर वाकले, तवापासून ही पाठ दुखतेय."

मी तिनेच बांधलेला पाय उशीवरून उचलला. घोट्यात ठणका उठला. तिच्या पाठीवर तो एकदा टेकवला. दुसऱ्यांदा टेकवला. दोघींपैकी कुणी बोललं नाही, नियमच आहे तसा. तिसऱ्यांदा टेकवला आणि काढून घेतला नाही. पट्टीतूनही मला तिच्या पाठीची ऊब कळत होती.

ती मागे न बघता निघून जायला हवी होती. तीही गेली नाही. आणि उसण गेली का, हे आयुष्यात पहिल्यांदाच मी विचारलं नाही.